तासभर बोलू नका

लिफ्ट बंद होती. दारावर कुणीतरी कागद चिकटवला होता, आणि त्या कागदासमोर उभी राहून ती उगाचच चिडली. स्कॅनचा विभाग तिसऱ्या मजल्यावर. ती तिथेच डॉक्टर होती. माणसांच्या शरीरांच्या आतली चित्रं वाचून त्यांचे रिपोर्ट लिहिण्यात तिची बरीच वर्षं गेली होती, आणि रोज निमूट चालणाऱ्या लिफ्टने आजच, बाबांना घेऊन आल्यावरच, दगा द्यावा याचा तिला राग आला. मागच्या बाजूला स्ट्रेचरची लिफ्ट आहे, चाकांची खुर्ची मागवते, असं ती म्हणेपर्यंत बाबा जिना चढू लागले होते. मग तीही मागोमाग निघाली. खांद्याला पिशवी, पिशवीत जुन्या स्कॅनची जाड फाइल, पाण्याची बाटली, त्यांची शाल. तिला समोर फक्त त्यांच्या टाचा दिसत होत्या, एकामागून एक उचलल्या जाणाऱ्या, न घसटणाऱ्या. पहिला मजला गेला, दुसरा गेला. वर पोचल्यावर ते कठड्याला हात लावून उभे राहिले आणि आत्ताच चढून आलेल्या जिन्याकडे वळून बघत राहिले. लिम्फोमातून, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरमधून, उठलेला सत्तरी ओलांडलेला माणूस, आणि धापसुद्धा लागलेली नाही. तिला बरं वाटलं. "बघा, कुठे थांबावं लागलं नाही तुम्हाला," ती म्हणाली. बाबा अजून खालीच बघत होते. "तेव्हाही मला थांबावं लागत नव्हतं गं," ते म्हणाले. "तुझी आई थांबायची म्हणून मी थांबायचो. मला वाटायचं, माझ्यासाठी थांबते."

मग ते रिसेप्शनपाशी जाऊन उभे राहिले. आईबाबांचं जुनं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि त्या इमारतीला लिफ्टच नव्हती. आई गेली त्याच रात्री तिने बाबांना आपल्याकडे आणलं. तिच्या फ्लॅटला लिफ्ट आहे, बाजारात सपाट रस्ता आहे, बागेत सपाट वाट. म्हणजे आई गेल्यापासून बाबा सलग तीन मजले आज पहिल्यांदा चढले होते. आणि चढता चढता, गणिताच्या मास्तरांनी आयुष्यभर करावं तसं, त्यांनी मनातल्या मनात एक उदाहरण सोडवलं होतं आणि उत्तर तिच्या हातात ठेवलं होतं.

आजचा स्कॅन ठरलेला नव्हता. उपचार संपून पावणेदोन वर्षं झाली होती, सगळं ठीक होतं, आणि मागच्या आठवड्यात तपासताना कॅन्सरच्या डॉक्टरांच्या बोटाला जबड्याखाली एक गाठ लागली. वाटाण्याएवढी. काही नसेलही, ते म्हणाले, पण बघून घेऊ. ती त्या "बघून घेऊ"च्या दुसऱ्या बाजूला काम करत होती, त्यामुळे त्या शब्दांत किती काय मावतं हे तिला माहीत होतं. आठवडाभर ती रात्री जागी राहून छत बघत होती. बाबांना झोप लागत होती की नाही, तिने विचारलं नव्हतं.

इंजेक्शन नानाने दिलं. नाना म्हणजे विभागातला टेक्निशियन, अंगाने आडवा, हाताने हलका. त्याने सुई काढली, कापूस दाबला आणि नेहमीचं भाषण म्हटलं. "काका, आता तासभर बोलायचं नाही. चघळायचं नाही, फोन नाही, पुस्तक नाही. गप पडून राहायचं. चाळीस वर्षं पोरांना गप्प बसवलंत ना, आज तुमची पाळी." बाबा हसले. नियमामागचं कारण तिने त्यांना पहिल्याच वेळी समजावून सांगितलं होतं. शिरेतून जाते ती साखरच, फक्त तिला किरणोत्सर्गाची थोडी खूण जोडलेली. कॅन्सरच्या पेशी हावरट असतात, साखरेवर तुटून पडतात आणि पडद्यावर उजळतात. पण राबणारा कुठलाही स्नायू साखर खातो. चघळणाऱ्याचा जबडा उजळतो, कुडकुडणाऱ्याचे खांदे उजळतात, बोलणाऱ्याचा गळा. म्हणून गप्प. आणि त्या तासाभरात रुग्णाजवळ कुणी थांबायचं नाही, कारण तो स्वतःच थोडा किरणोत्सर्गी झालेला असतो. बाबा शिसं भरलेल्या जाड दाराच्या आतल्या खोलीत गेले, आरामखुर्चीत आडवे झाले, शाल नाकापर्यंत ओढून घेतली. दार लागलं. एवढं एक वाक्य बोलून आता तासभर ते मुके होते, आणि त्या वाक्यापाशी ती एकटी उरली होती.

रिपोर्ट लिहायच्या खोलीत एका कोपऱ्यात आतल्या खोलीचा कॅमेरा दिसतो. आवाज नाही, नुसतं चित्र. शालीचा एक उंचवटा आणि वर थोडे पांढरे केस. तिने समोर दुसऱ्याच कुणाचा स्कॅन उघडला, बंद केला. तिला तो जुना जिना दिसायला लागला, भिंतीला हात लागून लागून काळपट झालेला पट्टा, वळणावरच्या खिडक्या. केमोच्या दिवसांत ती संध्याकाळी गाडी काढून दोघांना घेऊन यायची आणि त्यांच्या मागून चढायची. आई पुढे, बाबा मध्ये. प्रत्येक वळणावर आई थांबायची. पिशवी खाली ठेवायची, बाबांचा मफलर सारखा करायची. बसा जरा खिडकीपाशी, म्हणायची, कुठे आग लागली आहे का? बाबा कुरकुरत बसायचे. आई कुणाच्या तरी कुंडीतल्या झाडाकडे बघत उभी राहायची, या रोपाला ऊन कमी पडतंय, म्हणायची. एक हात कठड्यावर, दुसरा कमरेवर. बोलायची तीही तुकड्यातुकड्यात, दोन शब्द, मग थांबून पुढचे दोन. ते सगळं ती मागच्या पायरीवरून बघत होती. आणि तिला काय वाटायचं? तिला वाटायचं, किती जपते ही त्यांना. एकदा तर विभागात चहा पिताना तिने हे सगळ्यांना कौतुकाने सांगितलंही होतं, की माझ्या आईकडून शिका, आजारी माणसाला तो आजारी आहे हे जाणवू न देता कसं विसावायला लावायचं. नाना म्हणाला होता, वा. आता ते "वा" आठवून तिच्या कानामागे गरम झालं.

एखादी परकी बाई समोर अशी तीन वळणांवर थांबली असती, तर तिने तिथल्या तिथे विचारलं असतं. आईला विचारायचं मनात आलं नाही, कारण आई त्या गोष्टीत आजारी नव्हती. घरात आजारी कोण हे ठरून गेलेलं होतं. एकदा ठरलं की बाकीचे आपोआप धडधाकट होतात.

आणि आईला तसं धडधाकट करण्यात तिचा स्वतःचा हात होता, हे तिला आज नाही, दोन वर्षांपासून डाचत होतं. विभागात तेव्हा कॉम्प्युटरचा एक प्रोग्रॅम तयार होत होता. उपचार सुरू होण्याआधीचा स्कॅन त्याला दाखवायचा. गाठी किती, केवढ्या, किती दूरवर पसरलेल्या, किती उजळलेल्या, यावरून औषध लागू पडेल की नाही याचा अंदाज त्याने बांधायचा. शेकडो रुग्णांच्या गाठींभोवती माउसने रेघा ओढून तिनेच त्याला शिकवलं होतं. लहान मुलाला अक्षरं गिरवायला लावावीत तसं, कधी कौतुकाने, कधी वैतागून. तो अजून कच्चा होता, खऱ्या रुग्णांसाठी वापरायचा नव्हता. बाबांचा पहिला स्कॅन झाला त्या दिवशी, सगळे घरी गेल्यावर, तिने तो त्याला दाखवला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. औषध ठरलेलंच होतं, अंदाज काहीही आला तरी त्यात तसूभर फरक पडणार नव्हता. तरी तिला राहवलं नाही. आपल्याला जे कळू शकतं ते न बघता घरी जाणं तिला जमण्यासारखं नव्हतं. शिक्षणाने तेवढं नुकसान तिचं केलेलं होतं. प्रोग्रॅमने काही क्षण घेतले आणि सांगितलं, अशा दहा जणांत सात जणांना हे औषध पुरत नाही.

ती तिथून थेट आईकडे गेली. बाबा आत झोपले होते. आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मटार सोलत बसली होती. तिने समोरची खुर्ची ओढली, चार शेंगा सोलल्या, आणि सांगून टाकलं. का सांगितलं, याची नंतर तिने पुष्कळ कारणं शोधली. आईला तयारी करता यावी म्हणून. आईला अंधारात ठेवणं बरं नाही म्हणून. खरं कारण एवढंच होतं की ते एकटीला पेलत नव्हतं, आणि लहानपणापासून जे पेलत नाही ते ती त्या टेबलावर आणून ठेवायची. तुटलेली कंपासपेटी, नापासाचा पेपर, मोडलेलं लग्न. आईने मटारची शेंग दोन बोटांत धरून ऐकलं. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, ऐकताना ती चेहरा अगदी रिकामा ठेवायची, तिकडचा आवाज नीट यावा म्हणून ठेवतात तसा. "म्हणजे तिघांना पुरतं," आई म्हणाली. हो, ती म्हणाली. "मग यांना नको सांगूस," आई म्हणाली, आणि शेंग सोलली.

त्यानंतरचे महिने आई एखाद्या सैन्यासारखी उभी होती. सकाळी रस, दुपारी झोप, औषधांच्या वेळा, येणाऱ्याजाणाऱ्याला दारातूनच हसून परत पाठवणं. दोन केमो झाल्यावर मधला स्कॅन झाला. औषध लागू पडतंय का, हे खरं सांगणारा स्कॅन तोच. पडद्यावर बाबांचं शरीर उमटलं तेव्हा ती खुर्चीच्या कडेवर बसली होती. मान, छाती, पोट. जिथे दोन महिन्यांपूर्वी शहरावर रात्री दिवे लागावेत तसं सगळं पेटलेलं होतं, तिथे अंधार होता. शांत, राखाडी, निरोगी अंधार. प्रोग्रॅम चुकला होता, किंवा चुकला नव्हता, बाबा त्या तिघांतले होते. तिने फोनवर आईला सांगितलं. पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला. तिला वाटलं आई रडते आहे. आज, त्या रिकाम्या पडद्यासमोर बसून, तिला तो श्वास पुन्हा ऐकू आला. वरवरचा, भरभर, मधेच अडखळणारा. ते रडणं नसेलही. फोन बाहेरच्या खोलीत होता. आई आतून घाईने आली असेल, एवढंच.

चौथ्या केमोनंतर एका सकाळी बाबांचं रक्त तपासायला जायचं होतं. आई दाराशी स्टुलावर बसून चपला घालत होती. बाबा आतून शर्टाची बटणं लावत बाहेर आले तेव्हा तिच्या एका पायात चप्पल होती आणि ती भिंतीला टेकली होती. लेक हॉस्पिटलात पोचली तेव्हा आईला अतिदक्षता विभागात नेलेलं होतं. हृदयाच्या डॉक्टरांनी छातीवर सोनोग्राफीचा दांडा फिरवला. त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला, डॉक्टरने डॉक्टरला दाखवावं तसा, आणि ती बघत राहिली. हृदयातून मोठ्या रक्तवाहिनीत उघडणारी झडप चुना साचल्यासारखी घट्ट झालेली, फट उरलेली जेमतेम. हे काही आजचं नाही, ते म्हणाले, वर्षानुवर्षं चाललं असणार. चढताना दम लागत असेल. आणि मग, तिला दुखवायचा कुठलाही हेतू नसताना, ते म्हणाले, नुसता स्टेथोस्कोप लावला असता तरी ऐकू आलं असतं. संध्याकाळी आई गेली. बाबांच्या उरलेल्या केमो वेळेवर झाल्या.

स्टेथोस्कोप. मेडिकलच्या पहिल्या वर्षी नवाकोरा घेतला तेव्हा तिने पहिल्यांदा ऐकलेलं हृदय आईचंच होतं. आई सोफ्यावर ताठ बसली होती, फोटो काढायचा असल्यासारखी, आणि विचारत होती, लागला का नंबर? दोघी हसत सुटल्या होत्या आणि हसण्यात ठोके काही ऐकू आले नव्हते. त्यानंतर कधीच नाही. पुढे ती अशा यंत्रांकडे गेली ज्यांना माणसाच्या जवळ जावं लागत नाही. बाबांच्या शरीरातला तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका तिने दुसऱ्या खोलीत बसून शोधला होता, आणि मागच्या पायरीवर उभं राहून समोरचा श्वास तिला ऐकू आला नव्हता. वाईट वाटण्याचीही सवय होते. दोन वर्षांत तिने या दुःखाच्या कडा हात फिरवून फिरवून गुळगुळीत केल्या होत्या, आईला तो आकडा मी सांगितला, तो एकटीने वाहता वाहता तिने स्वतःचं सांगणं पुढे ढकललं, अशी त्याची एक ठरीव मांडणी करून ठेवली होती, आणि त्या मांडणीत ती जवळजवळ सुखाने राहत होती. आज बाबांनी जिन्याच्या वरून त्यात हात घातला होता. मलाही दिसत होतं, ते म्हणत होते. माझ्यासुद्धा समोर होतं. दोषात वाटेकरी आला तर हलकं वाटायला हवं. तिला तसं वाटलं नाही. आपलं काहीतरी कुणी घेऊन चाललंय असं वाटलं, आणि मग त्या वाटण्याची लाज वाटली.

नानाने काचेवर टकटक केली. बाबांना यंत्रात घेतलं होतं. तिचे वरिष्ठ, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, येऊन शेजारी बसले. आपल्या माणसाचा रिपोर्ट आपण लिहायचा नाही हा नियम होता, बघण्याला बंदी नव्हती. चित्र खालून वर भरत आलं. पाय, पोट, काहीच नाही. छाती, काहीच नाही. जबड्याखाली ती गाठ दिसली, फिकट, आणि तिच्या वर, खालच्या दाढेच्या मुळाशी, एक लखलखीत ठिपका. सर पुढे झुकले, चित्र उलटसुलट फिरवलं, मग खुर्चीत मागे रेलले. "दाढ किडली आहे काकांची," ते म्हणाले. "मुळाशी पू आहे. गाठ त्याचीच. दातांच्या डॉक्टरकडे पाठव, बाकी सगळं स्वच्छ." तिने हो म्हटलं. सर उठता उठता थांबले आणि पडद्यावर बोट ठेवलं. गळ्यात, स्वरयंत्राच्या जागी, दोन बारीक उजळ रेघा होत्या. "आणि बोलत होते वाटतं. नियम पाळत नाहीत मास्तर."

बाबा कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीपाशी बसले होते, हातात कागदी कपात चहा. नानाने सांगितल्याप्रमाणे त्यांनी लोकांपासून लांबची खुर्ची निवडली होती. ती शेजारी जाऊन बसली. तिने सांगितलं, दाढ आहे, दुसरं काही नाही. त्यांनी मान हलवली, चहाचा घोट घेतला आणि दुसऱ्या गालाकडे नेला. किती दिवस दुखते आहे, तिने विचारलं. झाला असेल महिना, ते म्हणाले. सांगितलं का नाही, असं तिने विचारल्यावर ते थोडे हसले. तुला सांगितलं की मशीनमध्ये जावं लागतं, म्हणाले. मग तिने विचारलं की आत कुणाशी बोलत होतात. तिला कसं कळलं याचं त्यांना नवल वाटलं नाही. त्यांनी कप खिडकीत ठेवला.

"तिलाच विचारत होतो," ते म्हणाले. "मला का नाही सांगितलंस म्हणून. कारण मला सगळं सांगायची ती. तुझं ते दहातल्या सातांचंसुद्धा सांगितलं होतं, त्याच रात्री."

कॉरिडॉरमधून एक ट्रॉली गेली. तिने ती जाऊ दिली.

"तिने मला सांगितलं, तुम्हाला नको सांगूस म्हणून."

"हो. आणि आत येऊन मला सांगितलं, पोरगी फार घाबरली आहे, तिच्यापुढे आपण दोघं नीट राहू. आयुष्यभर जोडून द्यायचंच काम केलं तिनं. तिकडचं इकडे आलं की लाइन जोडायची आणि आपण बाजूला." त्यांनी जबड्यावरून हात फिरवला. "तुझं गुपित सांगितलं तिनं मला. स्वतःचं नाही सांगितलं. दोन्ही एकाच वेळी होती तिच्याजवळ."

म्हणजे आई ते ओझं घेऊन एकटी नव्हती. एक रात्रसुद्धा नव्हती. अंथरुणावर शेजारी शेजारी पडून दोघांनी तो आकडा वाटून घेतला होता, आणि सकाळी उठून तिच्यासमोर काहीच माहीत नसल्याचं नाटक वठवलं होतं, महिनोन्महिने. तिने जपून ठेवलेली मांडणी अशी सहज मोडली. त्याजागी जे आलं ते सुटकेसारखं नव्हतं. आईने सांगणं टाळलं ते आपण सांगितलेल्या आकड्यामुळेच, असं आता म्हणता येणार नव्हतं. तसं नव्हतंच, असंही नाही. ते आता कधीच कळणार नव्हतं, कारण ज्या एका माणसाला विचारायचं, त्याला विचारायला बाबा आज नियम मोडून तासभर कुजबुजले होते आणि उत्तर मिळालं नव्हतं. तिला म्हणावंसं वाटलं की मी ऐकायला हवं होतं. बाबाही तेच म्हणाले असते. दोघांनी ते म्हटलं नाही.

मग बाबा उठले. फाइल त्यांनीच उचलली. चल, तुझंही तपासून घेऊ, म्हणाले. तिला आधी कळलं नाही. छातीचं, ते म्हणाले. "मी चव्वेचाळीसची आहे, बाबा." "तीही होती कधीतरी." तळमजल्यावर कार्डिओग्रामची खोली होती. आत पडदा, एक पलंग, आणि एक तरुण मुलगी, जिने तिला ओळखलं आणि ती गोंधळून उभी राहिली. मॅडम, तुम्ही? तिने चपला काढल्या आणि आडवी झाली. इतक्या वर्षांत या हॉस्पिटलात ती कधी छताकडे तोंड करून आडवी झाली नव्हती. ट्यूबलाइटला एक किडा चिकटून मेला होता. थंड जेल, मनगटांना चिमटे, छातीवर एकेक वाटी बसत गेली. पडद्याच्या फटीतून बाबा दिसत होते, कोपऱ्यातल्या खुर्चीत, सगळ्यांपासून लांब. तिची पर्स त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. कागद सरकू लागला. अंगावरून कुणीतरी हळूच काहीतरी लिहितंय असं तिला वाटलं, आणि झडपेचं काही यात कळणार नाही, हे माहीत असूनही ती गप्प पडून राहिली.

मुलीने चिमटे काढले, पेन घेतलं आणि पद्धतीप्रमाणे विचारलं, "काही त्रास होतो का, मॅडम?"

"काही नाही," ती म्हणाली. लगेच, हसून.

पडद्यापलीकडून बाबांचा आवाज आला. चढा नव्हता. वर्गात एखादं उत्तर शेजाऱ्याच्या वहीतून आलंय हे ओळखल्यावर ते लावायचे, तसा होता.

"ते तिच्या आईचं उत्तर आहे," बाबा म्हणाले. "ते लिहू नका. तिला परत विचारा."